एक बहिरा ढोल

मराठी मध्यमवर्गीय माणसाला ताल कळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी तो माणूस नीट पाहिलेला नाही. त्याला ताल उत्तम कळतो. फक्त तो मांडीवर कळतो. गाण्याच्या कुठल्याही महोत्सवात जाऊन बघा. शालीखाली हजारो उजवे हात हजारो उजव्या मांड्यांवर अगदी बिनचूक पडत असतात. समेवर माना हालतात. यापलीकडे शरीराचा एकही अवयव तालात भाग घेत नाही. पाय तर मुळीच नाहीत. ते पुढच्या माणसाच्या थर्मासला लागू नयेत म्हणून आवरून घेतलेले असतात. ढोल बडवणं, कंबर हालवणं, घाम गाळणं ही कामं आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांवर सोपवली आणि 'वा!' म्हणण्याचं खातं तेवढं स्वतःकडे ठेवलं. हल्ली पोरंपोरी कमरेला ढोल बांधून गणपतीपुढे असतात हे खरं. मी सांगतोय ते माझ्या पिढीचं.

अशा पिढीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाच्या कमरेला ब्राझीलमधल्या साल्वाडोर शहरात एक भलामोठा ढोल बांधण्यात आला. त्याची ही हकिगत.

आमचे जावई त्या शहराजवळ कामासारी नावाचं पेट्रोकेमिकल कारखान्यांचं मोठं गाव आहे, तिथे इंजिनिअर होते. 2018च्या डिसेंबरात आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी लेकीकडे गेलो. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालची गल्ली दिसायची, गल्लीच्या टोकाला एक आंब्याचं झाड, आणि झाडामागे पत्र्याचं छप्पर असलेला एक हॉल. पहिल्याच संध्याकाळी त्या हॉलमधून असा काही दणदणाट सुरू झाला की ओट्यावरच्या कपातला चहा थरथरला.

"कुणाचं लग्न आहे का ग?" मी विचारलं.

"नाही बाबा, क्लास आहे."

'क्लास' हा शब्द ऐकला की मराठी माणसाची निम्मी शंका मिटते. बारावीचा असो की बेकरीचा, क्लास म्हटला की तो सात्त्विक. त्यातून मुलीने सांगितलं, की वस्तीतल्याच लोकांनी चालवलेली ती मंडळी आहे, मुलांना ढोल आणि नाच फुकट शिकवतात, आणि शाळेला दांडी मारणाऱ्या पोराच्या हातात त्या दिवशी ढोल देत नाहीत. हे ऐकून उरलेली निम्मी शंकाही मिटली. ढोल मिळावा म्हणून शाळेत जाणारी मुलं मी तोपर्यंत पाहिली नव्हती. आमच्याकडे शाळा सुटावी म्हणून मुलं काहीही वाजवतात.

तिसऱ्या दिवशी आमची ही "जरा बघून येते" म्हणून खाली उतरली. एक तास झाला, परत येईना. मी काळजीने खाली गेलो, तर पंधरा-वीस मुली आणि चार-पाच आज्या यांच्या रांगेत ही उभी. साडीचा पदर खोचलेला, आणि दोन्ही हातांनी लाटा काढत पुढे येत होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हिला नाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. मंगळागौरीच्या खेळांना पुरुषांना प्रवेश नसतो, त्यामुळे बायकोचा हा भाग आम्हा नवऱ्यांना ऐकूनच माहीत.

"ही येमांजाची चाल," मुलीने सांगितलं. "समुद्राची देवी. दोन फेब्रुवारीला तिला फुलं, अत्तर, आरसे वाहतात."

"म्हणजे नारळी पौर्णिमाच की," हिने नाचता नाचताच निकाल दिला. "आणि पावलं म्हणशील, तर अर्धी पिंग्यातली आहेत."

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांची देवी आणि आमच्या सौभाग्यवतींचा पिंगा यांचा संबंध इतिहासाच्या कुठल्याही प्राध्यापकाला मान्य होणार नाही. परंतु शिकवणाऱ्या बाईंना तो ताबडतोब मान्य झाला. त्यांनी हिला पुढच्या रांगेत घेतलं.

राहता राहिलो मी. बाकावर बसून मी माझं पिढीजात काम करत होतो, म्हणजे मांडीवर ताल धरत होतो. मंडळींचा प्रमुख माझ्याकडे बघत होता. त्याला तिथे 'मेस्त्री' म्हणतात. दचकू नका. आपला मिस्त्री आणि त्यांचा मेस्त्री हे एकाच पोर्तुगीज आईचे. चावी, बादली, पाव, साबण, पगार हेही सगळे त्याच घरातले. या सहा शब्दांवर मी साल्वाडोरमध्ये तीन महिने काढले. आंबा आणि फणस आपल्याकडून पोर्तुगिजांच्या जहाजांतून तिकडे गेले, काजू तिकडून गोव्यात आला. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस म्हणून सांगतो, हा व्यवहार बरोबरीत सुटला.

नावांच्या बाबतीत मात्र जरा पंचाईत आहे. ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या 'र'चा 'ह' करतात. रिओचं हीऊ होतं. ज्यांचं नाव रघुनाथ आहे, त्यांनी त्या देशात जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. मला ती संधी मिळाली नाही. पण तिथली मुलं मोठी गुणी. वडील माणसाला नावाने हाक न मारता ती 'काका' म्हणतात, आणि काकाला त्यांच्या भाषेत शब्द आहे 'चिऊ'. पाच फूट दहा इंच उंचीचा, ऐंशी किलो वजनाचा मी, आणि चाळीस पोरं माझ्यामागे "चिऊ! चिऊ!" म्हणून ओरडताहेत! लहानपणी मेणाच्या घराची गोष्ट ऐकली होती, तिचं पात्र होण्याचं भाग्य मला असं मिळालं.

तर मेस्त्री माझ्यापाशी आला. माझा उजवा हात त्याने मांडीवरून उचलला, त्यात कापडाचं बोंडूक असलेली एक काठी दिली, आणि कमरेला पट्ट्याने तो ढोल अडकवला. या ढोलाचं नाव 'सुर्दू'.

"सुर्दू म्हणजे काय?" मी मुलीला विचारलं.

"बहिरा."

मी मेस्त्रीकडे नव्या आदराने पाहिलं. नाव ठेवावं तर असं! वाजवणारा आणि शेजारी यांपैकी कोण आधी तसा होतो, एवढाच काय तो प्रश्न.

बहिऱ्या ढोलाचं काम अगदी सोपं असतं, असं मला सांगण्यात आलं. कडाडणारे लहान ढोल वेगळे, तडतडणारे ताशासारखे वेगळे. त्यांच्या उड्या चाललेल्या असतात. खाली जमीन लागते, ती सुर्दूची. दोन सुर्दू समोरासमोर असतात. एक 'ढूम्' करून विचारतो, दुसरा जरा वेगळ्या आवाजात 'ढूम्' करून उत्तर देतो. बस्स. एक ठोका, मग थांबायचं. पुन्हा एक ठोका, पुन्हा थांबायचं.

मी ताबडतोब मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. तेहतीस वर्षं नोटा मोजलेला माणूस दुसरं काय करणार? मेस्त्रीने शिट्टी फुंकली, मूठ वर केली, आणि सगळा हॉल एका क्षणात गप्प झाला.

"चिऊला सांग, मोजायचं नाही," तो मुलीला म्हणाला. "समोरचीला ऐकायचं."

समोरची म्हणजे दुसरा सुर्दू वाजवणाऱ्या बाई. वय माझ्याएवढं, अंगावर पांढराशुभ्र घोळदार झगा, डोक्याला पांढरं फडकं. दिवसा कोपऱ्यावर त्यांचा वड्यांचा ठेला. हे वडे म्हणजे चवळी भिजवायची, सालं काढायची, कांदा घालून वाटायची, आणि पामच्या लालभडक तेलात तळायची. नाव 'आकाराजे'. सुकी कोळंबी आत भरतात ती वगळायला सांगितली, की आपल्यासारख्याने डोळे मिटून खावं आणि स्वतःला दादर स्टेशनबाहेर समजावं. मी दिवसा त्यांचं गिऱ्हाईक आणि संध्याकाळी त्यांचा सवाल. त्या जवाब. माझा ठोका पडला, की त्या किंचित मान हालवायच्या आणि त्यांचा पडायचा. आठवडाभरात मी मोजणं सोडलं. आमची ही म्हणाली, "घरी मी बोललेलं एक अक्षर ऐकत नाही, आणि इथे बरं ऐकू येतं!"

शनिवारी क्लासनंतर आंब्याखाली गप्पा व्हायच्या. मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करायची. बाईंकडून त्या ढोलांचं कूळ मला कळलं. साल्वाडोर 1549 साली वसलं, आणि 1763पर्यंत ब्राझीलची राजधानी होतं. आफ्रिकेतून चाळीस लाखांवर माणसं गुलाम करून ब्राझीलला आणली, त्यांतली कितीतरी याच बंदरात उतरली. गुलामी संपली 1888 साली, म्हणजे आपल्याकडे काँग्रेस स्थापन झाल्यावरसुद्धा तीन वर्षांनी. गुलामी संपली तरी ढोल सुटले नाहीत. देवळातल्या पूजेला ढोल लागतात, आणि पोलीस त्या पूजांवर धाडी घालायचे, ढोल उचलून न्यायचे. बाहिया प्रांतात या देवस्थानांना पोलिसांत नोंद करून परवाना काढावा लागे, तो थेट 1976 सालापर्यंत. देव आपला, ढोल आपला, आणि परवाना फौजदाराचा!

"माझी आजी दार लावून वाजवायची," बाई म्हणाल्या. "उशा लावायची दाराला."

त्यांच्या तरुणपणी मात्र वारं फिरलं. 1974मध्ये लिबेर्दाद नावाच्या काळ्या लोकांच्या वस्तीत 'इले आइये' हे पथक निघालं. लिबेर्दाद म्हणजे स्वातंत्र्य. तोवर कार्निव्हलच्या थाटाच्या मंडळांत काळ्या माणसाने बहुतेक ढकलायचं, उचलायचं किंवा दोरी धरायची. या मंडळींनी सांगितलं, आमचं पथक आमचं, आणि आम्ही आफ्रिकेचे म्हणून मिरवणार. 1975च्या कार्निव्हलला ते रस्त्यावर आले, तेव्हा एका वर्तमानपत्राने त्यांनाच वर्णद्वेषी ठरवलं. वर्तमानपत्रं सगळीकडे सारखीच. पुढे 1979मध्ये पेलोरीन्यू भागात 'ओलोडुम' स्थापन झालं. पेलोरीन्यू म्हणजे फटक्यांचा खांब. गुलामांना जिथे चाबकाने फोडायचे, त्या खांबाचं नाव त्या चौकाला पडलेलं. त्याच चौकात नेगिन्यू दु साम्बा या उस्तादाने सांबा आणि जमैकाचा रेगे यांचं लग्न लावलं. आमचा सवाल-जवाब हे त्याच लग्नाचं अपत्य. 1990मध्ये पॉल सायमनच्या गाण्यात हे ढोल वाजले, 1996मध्ये मायकेल जॅक्सन त्यांच्या मधोमध नाचून गेला. आणि 1993मध्ये त्याच नेगिन्यूने 'दिदा' नावाचं बायकांचं पथक काढलं, कारण ढोल जड असतो, बाईला झेपत नाही, असं पुरुष सांगत होते.

"आणि पाण्याच्या बादल्या कोण उचलत होतं?" बाईंनी विचारलं. 'बादली' शब्द मला भाषांतराशिवाय कळला. बाकीचं हिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी भारतातला हे कळल्यावर माझा भाव एकदम वधारला. त्याला कारण महात्मा गांधी. ऐकून चकित व्हाल, पण साल्वाडोरच्या कार्निव्हलमध्ये 'फील्युस दि गांधी', म्हणजे 'गांधींचे पुत्र' नावाचं एक पथक आहे. गांधीजी गेल्यानंतर वर्षभराने, 1949 साली, तिथल्या गोदी कामगारांनी ते काढलं. हजारो पुरुष पांढरे कपडे घालून, टर्किश टॉवेलचे फेटे बांधून, निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा घालून संथ लयीत रस्त्याने जातात. लोखंडी घंटा वाजतात, लोकांवर लव्हेंडरचं पाणी शिंपडतात. 1970च्या दशकात हे पथक मोडकळीला आलं, तेव्हा गायक जिल्बेर्तु जिल स्वतः त्यात सामील झाले आणि ते पुन्हा उभं राहिलं. हेच जिल पुढे 2003मध्ये देशाचे सांस्कृतिक मंत्री झाले. एवढं सगळं बापूंना आवडलं असतं. फक्त गळ्यातली माळ काढून एखाद्या बाईला द्यायची आणि बदल्यात एक पापा घ्यायचा, अशी जी रीत तिथे पडली आहे, तिच्याविषयी 'हरिजन'मध्ये एक अग्रलेख नक्की आला असता.

"गांधी कसे नाचायचे?" एका पोराने मला विचारलं.

आता काय सांगणार? "नाचायचे नाहीत," मी म्हणालो. "चालायचे. 1930 साली मिठासाठी चोवीस दिवस चालले. मागून माणसं."

मेस्त्रीने विचार केला. "चोवीस दिवस, मागून माणसं. मग ढोल नसला तरी ताल होताच," तो म्हणाला. गांधीजींवर इतकी व्याख्यानं ऐकली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच शनिवारी बाईंनी मला विचारलं, "तुमच्या घरी ढोल कोण वाजवायचं?"

मुलीने भाषांतर केलं. मी म्हणालो, "घरी कोणी नाही. गावात हलगीवाले होते. लग्नाला, जत्रेला ते यायचे."

"छान वाजवायचे?"

छान? कृष्णाकाठच्या आमच्या गावात तो हलगीवाला दारात गवताचा जाळ करायचा, हलगीचं कातडं त्यावर शेकायचा, आणि बोटाने टिचकी मारून बघायचा. मग पहिली काडी पडायची. मी सात-आठ वर्षांचा असेन, पण तो आवाज अजून पोटात आहे. मी हे सगळं सांगितलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाजवणाऱ्याला वाजवणारा कळतो.

"मग जेवायला तुमच्यात बसायचे?"

हे भाषांतर करायला मुलीने जरा वेळ घेतला. मी आंब्याकडे बघितलं. आंबा इथलाच होता, तो काही मदतीला येईना.

"नाही," मी म्हणालो. "बाहेर. अंगणाच्याही बाहेर. त्यांची वस्तीच गावाबाहेर होती. पैसे वरून हातात टाकायचे."

मुलीने ते सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत होती. ती पुण्यात वाढली. आजोळच्या जत्रेचे पेढे तिला माहीत होते, हे माहीत नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी ढोलावर बोटांनी नुसतं टिक्‌-टिक् केलं, आणि मेस्त्रीला म्हणाल्या, "चला, चिऊची रेल्वे चुकायच्या आत एकदा वाजवून घेऊ." तिथून माझी कुठलीही रेल्वे नव्हती. पण मला तेव्हा काहीतरी बडवायला मिळालं, हे फार बरं झालं.

कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यात आमची मंडळी गल्लीतून निघाली. पुढे नाच, मागे साठ ढोल. पहिल्या रांगेत नऊवारी नेसलेली आमची ही. नऊवारी हा नाचासाठी जगातला सर्वोत्तम पोशाख आहे, असं शिकवणाऱ्या बाईंनी जाहीर करून टाकलं, कारण पाय मोकळे राहतात आणि ऐट जात नाही. दोन तास चाललो. खिडक्यांतून माणसं, गच्च्यांवर माणसं. जावई फोनवर चित्रण करत होते. त्यात मी चार मिनिटं दिसतो आणि त्यांतली तीन मिनिटं माझी जीभ बाहेर आहे. माझा ठोका, त्यांचा ठोका. एका वळणावर पोलिसांची गाडी उभी होती. वाहतूक अडवून ते आम्हाला वाट करून देत होते. बाईंनी त्यांच्यासमोरचा ठोका मुद्दाम दोन काठ्यांनी मारला. तो तालाबाहेरचा होता. मेस्त्रीने ऐकला, पण शिट्टी फुंकली नाही.

मार्चमध्ये आम्ही पुण्याला परतलो. ढोल विमानात घ्यायला पैसे पडतात म्हणून काठी तेवढी आणली. ती रोज सकाळी न्हाणीघरातल्या बादलीवर चालायची. सोसायटीच्या चिटणीसांची पहिली चिठ्ठी आली तेव्हा हिने त्यांना सांगितलं, "वाद्याचं नावच बहिरा आहे. तुमची तक्रार त्याला ऐकू येणार नाही."

चैत्रात गावच्या जत्रेला गेलो. हलगी वाजत होती. वाजवणारा तिशीचा तरुण, जीन पँट, तालुक्याच्या शाळेत शिक्षक. त्या जुन्या हलगीवाल्याचा नातू. गर्दी ओसरल्यावर मी त्याच्यापाशी गेलो.

"तारीख कोणती?" त्याने खिशातली वही काढली. "लग्न का वास्तुशांत?"

"सुपारी द्यायला नाही आलो. शिकायचंय."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. वाडा कुठला हे त्याला कळलं होतं.

"आज्याला वाजवावी लागायची," तो म्हणाला. "बानं हलगी हातात धरली नाही. मी वाजवतो ते मला आवडतं म्हणून."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो."

त्याने वही उघडली, पानावर माझं नाव लिहिलं, आणि रघुनाथ हे नाव इतक्या दिवसांनी कुणीतरी नीट उच्चारल्याचं मला बरं वाटलं.

"रविवारी सकाळी सातला. आमच्या घरी. सात म्हणजे सात," तो म्हणाला. "आणि महिन्याची फी आगाऊ लागेल."

मी पाकीट काढलं. शेजारून ही म्हणाली, "दोघांची द्या."